ब्रुक्कारोस : नामिबियाच्या ओसाड दक्षिणेतला एका दिवसाचा डोंगर

नामिबियाला जाणारे बहुतेक जण सोसुसफ्लेईच्या लाल वाळूच्या टेकड्या, एटोशाचे हत्ती आणि फिश रिव्हर कॅन्यन एवढं पाहून परततात. कॅन्यनकडे जाताना बी 1 महामार्गावरून पश्चिमेला एक एकटाच, माथा सपाट असलेला डोंगर बराच वेळ दिसत राहतो. तो ब्रुक्कारोस. सगळे काचेतून त्याचा फोटो काढतात आणि पुढे जातात. ज्यांना तिथे थांबून वर चढायचं आहे, पण वाळवंटी डोंगर कधी केलेला नाही, त्यांच्यासाठी हा लेख.

आधीच सांगून टाकतो, चढाई अवघड नाही. दोर लागत नाही, कुठे कातळाला चिकटून जायचं नाही. नेहमीच्या वाटेने राजगड करून येणाऱ्या माणसाच्या पायांना हे सहज जमतं. अवघड आहे ते बाकी सगळं. वर पाणी नाही, सावली जवळपास नाही, अख्ख्या दिवसात दुसरा माणूस भेटेलच असं नाही आणि गाडी बिघडली तर मदत कधी येईल याचा भरवसा नाही. सह्याद्रीत आपण नकळत बऱ्याच गोष्टी गृहीत धरतो. वर टाकं असेल, धनगरवाड्यात कुणीतरी वाट सांगेल, उतरल्यावर चहा मिळेल. यातलं काहीही इथे नाही, हे मनाशी पक्कं करूनच तयारीला लागा.

डोंगर आहे तरी काय

लांबून पाहणाऱ्याला हा ज्वालामुखी वाटतो आणि बरीच वर्षं लोक तसं म्हणतही होते. पण इथून लाव्हा वाहिला नाही. सुमारे 8 कोटी वर्षांपूर्वी खालून वर येणाऱ्या तप्त शिलारसाने वरचे थर फुगवून एक मोठा घुमट तयार केला. शिलारसाची गाठ भूजलाशी पडली, पाण्याची वाफ झाली आणि त्या वाफेच्या दाबाने घुमटाचा माथा उडाला. मागे राहिलेल्या खड्ड्यात दगडगोट्यांचा चुरा साठला. गरम पाण्यातून आलेल्या सिलिकाने तो सिमेंटसारखा घट्ट झाला. बाहेरचा मऊ खडक पुढे झिजून गेला आणि हे कठीण कडं उभं राहिलं. म्हणून आज आपल्याला मैदानापासून साधारण 650 मीटर उंच, आतून पोकळ असा डोंगर दिसतो. समुद्रसपाटीपासून त्याची उंची 1,600 मीटरच्या आसपास आहे आणि आतलं विवर सुमारे दोन किलोमीटर रुंद.

वाट समजून घ्यायलाही ही माहिती कामाची आहे. विवरात पडणारा पाऊस बाहेर पडायला दक्षिणेकडे एकच खिंडार आहे. आत जाणारी वाटही तिथूनच जाते. म्हणजे पावसाची शक्यता असेल त्या दिवशी तुमचा आणि पाण्याचा रस्ता एकच.

कधी जावं

मे ते ऑगस्ट. हा दक्षिण गोलार्ध आहे, त्यामुळे आपल्याकडे पावसाळा सुरू असताना तिथे कोरडा हिवाळा असतो. दिवसा वीस-बावीस अंश, आकाश निरभ्र. रात्री मात्र पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो, कधी शून्यालाही टेकतो. ‘वाळवंटात कसली थंडी’ म्हणत स्वेटर घरी ठेवून येणारे रात्रभर गाडीत कुडकुडतात. सप्टेंबर किंवा एप्रिल चालेल, पण उजाडताच निघायला हवं.

डिसेंबर ते फेब्रुवारी जाऊ नका. तेव्हा पस्तिशीच्या पुढचं तापमान नेहमीचं असतं आणि काळपट खडक त्याहून जास्त तापतो. वर्षभरात जो काही दीडशे मिलिमीटर पाऊस पडतो, तोही मुख्यतः जानेवारी ते एप्रिल या काळात वळवासारखा एकदम कोसळतो.

जून-जुलैत सूर्य साडेसातच्या सुमारास उगवतो आणि सहाच्या सुमारास मावळतो. हातात साडेदहा तासच असतात. आधीचा मुक्काम कुठे करायचा ते यावरूनच ठरवा.

कागदपत्रं आणि पैसे

मुंबईहून विंडहुकला थेट विमान नाही. जोहान्सबर्ग किंवा अदिस अबाबामार्गे जावं लागतं. व्हिसाचे नियम अलीकडे बदलले आहेत, तेव्हा जुन्या प्रवासवर्णनांवर विसंबू नका, सरकारी संकेतस्थळच पाहा. पूर्व आफ्रिकेतून जाणार असाल तर पिवळ्या तापाच्या लशीचा नियमही तिकीट काढण्याआधी तपासा. मलेरियाचा त्रास देशाच्या उत्तर भागात आहे, दक्षिणेत नाही.

नामिबियन डॉलर आणि दक्षिण आफ्रिकेचा रँड यांची किंमत सारखीच आहे आणि नामिबियात दोन्ही चालतात. उलट मात्र होत नाही, म्हणून उरलेले नामिबियन डॉलर देश सोडण्याआधी संपवा. खेड्यात रोख लागते. लहान नोटा जवळ असू द्या.

डोंगराच्या पायथ्याशी पोचणं

माझ्या मते अर्धी मोहीम इथेच असते. विंडहुक ते कीटमान्सहूप सुमारे 500 किलोमीटर, सगळा रस्ता डांबरी. कीटमान्सहूप हे या भागातलं मोठं गाव. पेट्रोल, सुपरमार्केट, दवाखाना, टायरचं दुकान सगळं मिळतं. मुक्काम इथे करा आणि टाकी इथेच काठोकाठ भरा. पुढच्या खेड्यात पंप असेल आणि त्यात पेट्रोलही असेल, या आशेवर निघू नका.

सकाळी बी 1 ने उत्तरेला सुमारे 80 किलोमीटर गेलं की त्सेस हे गाव येतं. तिथून पश्चिमेला बेरसेबाकडे खडीचा रस्ता फुटतो. नकाशात तो एम 98 असतो, काही नकाशांत सी 98. साधारण 40 किलोमीटरनंतर, बेरसेबाच्या अगदी अलीकडे, उजवीकडे डी 3904 हा फाटा आहे. तो सरळ डोंगराच्या दक्षिण पायथ्याशी नेतो.

फाट्यावर वळण्याआधी बेरसेबात जरूर जा. हे नामा समाजाचं जुनं गाव. 1850 मध्ये इथे रेनिश मिशन या जर्मन ख्रिस्ती धर्मप्रसारक संस्थेचं ठाणं सुरू झालं. डोंगराखालची तंबू ठोकायची जागा गावाच्या वतीने चालवली जायची, पण तिची देखभाल सातत्याने झालेली नाही. तिथे नळाला पाणी असेल, संडास चालू असेल असं धरून जाऊ नका. गावात चौकशी करावी, शुल्क मागितलं तर द्यावं, आणि वाट दाखवायला कुणी तयार असेल तर त्याला सोबत घ्यावं. तुमच्या पैशाचा त्याला उपयोग आहे आणि त्याच्या डोळ्यांचा तुम्हाला. लोक आफ्रिकान्स आणि नामा बोलतात, इंग्रजीवर काम भागतं. गाडीतून काच खाली करून प्रश्न फेकण्याची पद्धत तिथे नाही. उतरा, हात मिळवा, आधी ख्यालीखुशाली विचारा, मग वाटेचं बोला.

गाडीबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं. नामिबियातही आपल्यासारखंच डावीकडून चालवतात, त्यामुळे सवय लागायला वेळ जात नाही, आणि फसगत होते ती तिथेच. खडीचा रस्ता सपाट, सरळ, रिकामा दिसतो. काटा शंभरावर कधी जातो ते कळत नाही. मग एखादं वळण येतं, गाडी गोट्यांवरून घसरते आणि उलटते. नामिबियात पर्यटकांचे गंभीर अपघात वन्य प्राण्यांपेक्षा या रस्त्यांमुळे होतात, असं तिथे कुणीही सांगेल. ताशी 80 ही कमाल मर्यादा समजा, साठ-सत्तर उत्तम. घसरायला लागलीच तर ब्रेकवर उभे राहू नका. पाय ॲक्सिलरेटरवरून काढा आणि स्टीअरिंग सरळ धरा. टायरमध्ये हवा कमी ठेवावी लागते. डांबरी, खडी आणि खडकाळ, तिन्हींसाठी किती हवा ठेवायची ते आकडे गाडी देणाऱ्याकडून कागदावर लिहून घ्या. स्टेपनी दोन मागा. जॅक कुठे आहे आणि चाक कसं बदलायचं हे विंडहुकच्या अंगणातच एकदा करून बघा.

डी 3904 चा शेवटचा भाग खराब आहे. पायथ्याच्या खालच्या जागेपर्यंत उंच गाडी सावकाश नेता येते. त्याच्या पुढचा वरचा तुकडा फक्त फोर बाय फोरचा. माझं ऐकाल तर गाडी खालीच ठेवा. विवराच्या तोंडापर्यंत तिथून साडेतीन किलोमीटरच्या आसपास चाल आहे. वर गाडी नेली तर त्यातला बराच भाग वाचतो, पण एखाद्या दगडाने खालून चेंबर फोडलं तर वाचलेला तास फार महाग पडेल.

पाणी आणि सॅक

प्रत्येकी पाच लिटर पाणी पाठीवर, हिवाळ्यातसुद्धा. यात वाटाघाटी नाहीत. हवा इतकी कोरडी असते की घाम आलेला कळतच नाही, तो अंगावरच वाळून जातो. घाम नाही म्हणून तहान नाही आणि तहान नाही म्हणून पाणी नाही, असं करत माणूस दुपारपर्यंत डोकं धरून बसतो. तहान लागायची वाट न पाहता दर वीस-पंचवीस मिनिटांनी दोन घोट घ्या. पाच लिटर एकाच पिशवीत ठेवू नका, काटा लागला तर सगळं जातं. दोन-तीन बाटल्या करा. पाणी निम्मं संपलं की परत फिरायचं, मग माथा दहा मिनिटांवर का असेना. याखेरीज गाडीत वीस लिटरचा कॅन आणि उबदार कपडे वेगळे.

नुसतं पाणी पुरत नाही, मीठही लागतं. ओआरएसची पाकिटं, खारे शेंगदाणे, लिंबाचं लोणचं, जे आवडत असेल ते. शाकाहाऱ्यांनी कीटमान्सहूपमधून ब्रेड, चीज, पीनट बटर, सफरचंदं आणि संत्री घ्यावीत. दुकानाच्या गल्ल्यापाशी टांगलेल्या सुक्या पट्ट्या म्हणजे बिल्टाँग, ते मांस असतं.

कपडे पूर्ण बाह्यांचे, फिकट आणि सैल. मान झाकणारी टोपी, गॉगल. बूट घोट्याच्या वर येणारे आणि जाड तळाचे; इथले दगड धारदार आहेत आणि काटे तर तळव्यातून आरपार जातात. हेडटॉर्च घ्याच. नकाशा फोनवर आधी उतरवून ठेवा, कारण विवरात शिरल्यावर रेंज धरू नये. उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र भाड्याने मिळालं तर या सहलीतला तो सर्वांत योग्य खर्च ठरेल.

प्रत्यक्ष चढाई

कीटमान्सहूपहून उजाडताच निघा आणि शक्य तितक्या लवकर वाटेला लागा. जाऊन-येऊन पाच-सहा तास लागतात, विवराच्या तळात रेंगाळलात तर सात. निघताना गाडीच्या आतल्या बाजूला, सहज दिसेल असा एक कागद ठेवा. त्यावर किती जण, कुठे गेलो, कधी परतणार एवढं लिहा. हीच माहिती मुक्कामाच्या ठिकाणीही देऊन या.

पहिला टप्पा पायथ्यापासून विवराच्या तोंडापर्यंतचा. वाट एका कोरड्या घळीच्या कडेकडेने हळूहळू चढते. सुरुवातीला ती ठळक आहे, पुढे दगडांत विरत जाते. रचलेले दगड शोधत चाला आणि एका खुणेवरून दुसरी दिसल्याशिवाय पुढे जाऊ नका. शेळ्यांच्या वाटा मधूनच फुटतात, त्या फसवतात. उतारावर सुटे दगड आहेत, काही ठिकाणी चांगला घसारा. एकमेकांच्या थेट खाली राहू नका.

या टप्प्यात मान खाली घालून चालणाऱ्याचं नुकसान होतं. कातळात जागोजागी स्फटिक दिसतात, कोवळ्या उन्हात ते लकाकतात. ते खणू नका आणि खिशात घालू नका. उतारावर कोकरबूम उभे असतात. जाड बुंधा, वर दुभंगत गेलेल्या फांद्या आणि टोकाला कोरफडीसारखे पानांचे झुबके. हा कोरफडीचाच भाऊबंद आहे. सान लोक त्याच्या फांद्या पोखरून बाणांचे भाते करत. त्याच्या खोडाला टेकून किंवा लोंबकळून फोटो काढू नका. लाकूड आतून भुसभुशीत असतं आणि झाड फार सावकाश वाढतं. निवडुंगासारखी दिसणारी काटेरी झुडपं शेराच्या जातीची आहेत. त्यांचा चीक विषारी असतो, डोळ्यांत गेला तर फार हाल होतात. त्यांची वाळकी काटकीसुद्धा जळणात घालू नका.

खिंडाराशी पोचलात की खाली कोरड्या धबधब्याचा कडा दिसतो. पाऊस पडून गेल्यावरच त्यावरून पाणी वाहतं. इथे कडेला फार जाऊ नका, दगड गुळगुळीत आहेत. घड्याळ पाहा. दहा वाजून गेले असतील आणि ऊन कडक असेल तर तळात चक्कर मारा आणि परता. तेवढ्यानेही दिवस सार्थकी लागतो. विवराच्या आत उभं राहिलं की चहूबाजूंनी कडं, वर आकाशाचा तुकडा, आणि वारा पडलेला असेल तर इतकी शांतता की स्वतःच्या सॅकचे पट्टे वाजलेले ऐकू येतात.

पुढे जायचं असेल तर वाट आतल्या नदीपात्रात उतरते. पात्रातून थोडं जाऊन डावीकडे, म्हणजे पश्चिमेच्या कड्याकडे चढायचं. पात्र सोडण्याची जागा नीट लक्षात ठेवा. मागे वळून एक फोटो काढा, कारण परतताना तीच जागा ओळखू येत नाही. इथून चढ उभा होतो. तासाभरात कड्यावर पोचता येतं.

दिशेबद्दल एक महत्त्वाची गोष्ट. इथे दुपारचा सूर्य उत्तरेला असतो. आपल्याला लहानपणापासून सूर्य दुपारी दक्षिणेकडे कललेला पाहायची सवय, म्हणून डोकं आपोआप उलटी दिशा सांगतं. वाट चुकलेल्या माणसाला असा अंदाज सरळ उलट्या बाजूला नेऊ शकतो. चढताना तुमचं तोंड ढोबळमानाने उत्तरेकडे असतं, त्यामुळे ऊन समोरून येतं. सावलीत बसायचं तर खडकाची दक्षिण बाजू शोधा.

कड्यावरच्या पडक्या भिंती

पश्चिम कड्यावर दगडी बांधकामाचे अवशेष आहेत. इतक्या आडजागी, इतक्या उंचावर कुणी घर कशाला बांधलं असेल? ही होती सूर्याची वेधशाळा. अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संस्थेचे चार्ल्स ग्रीली ॲबट यांना सूर्याकडून पृथ्वीला मिळणारी ऊर्जा रोज मोजायची होती. त्यासाठी वर्षभर निरभ्र आणि कोरडं आकाश हवं. जागेच्या शोधात ते 1925-26 मध्ये अल्जीरिया, तेव्हा ब्रिटिश हिंदुस्थानात असलेलं बलुचिस्तान आणि नैऋत्य आफ्रिका, म्हणजे आजचा नामिबिया, असे हिंडले आणि अखेर ब्रुक्कारोसवर बोट ठेवलं. नॅशनल जिऑग्राफिक सोसायटीने पैसे दिले. 1926 पासून 1931 पर्यंत इथे मोजमापं झाली, पुढे हे काम सिनाईतल्या सेंट कॅथरीन डोंगरावर गेलं.

ॲबट यांचा विश्वास होता की सूर्याच्या ऊर्जेतले चढउतार मोजले तर हवामानाचं भाकीत करता येईल. पुढच्या काळात उपग्रहांनी वातावरणाच्या बाहेरून मोजलं तेव्हा कळलं की अकरा वर्षांच्या सौरचक्रात हा फरक जेमतेम 0.1 टक्का असतो. ॲबट यांना दिसलेले मोठे चढउतार मुख्यतः हवेचेच होते. तरीही या भिंतींपाशी बसून पाणी पिताना त्या माणसांच्या चिकाटीचं कौतुक वाटतं. आपण पाच लिटर पाणी वाहून कुरकुरतो, त्यांनी यंत्रं वर आणली होती.

त्यांच्याही आधी, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, जर्मन सैन्याने पूर्वेच्या कड्यावर हेलिओग्राफचं ठाणं ठेवलं होतं. आरशाने उन्हाचा कवडसा पाडून दूरवर संदेश पाठवायचे. कड्यावरून खालचं मैदान पाहिलं की ही जागा का निवडली ते वेगळं सांगावं लागत नाही.

भिंतींवर चढू नका, दगड सुटे झाले आहेत. पूर्ण कडं फिरून यायचा मोह होतो, पण पहिल्या खेपेला तो आवरा. वाट नाही आणि अंतर दिसतं त्यापेक्षा बरंच जास्त आहे. उशिरात उशिरा एक वाजता उतरायला लागा.

साप, विंचू आणि बाकीचे

बिबट्या किंवा सिंहाची चिंता करत बसू नका. हात कुठे ठेवता ती चिंता करा. दगडांच्या फटीत न बघता हात घालू नका, बसण्याआधी जागा काठीने ठोका. पफ ॲडर हा साप चाहूल लागूनही हलत नाही, म्हणून त्याच्यावर पाय पडतो. विंचवांचा इथला नियम सोपा आहे: नांग्या बारीक आणि शेपूट जाड असेल तर तो जास्त विषारी. रात्री तंबूबाहेर ठेवलेले बूट सकाळी झटकूनच घाला. दंश झालाच तर कापणं, चोखणं, करकचून बांधणं यातलं काही करू नका. हालचाल कमीत कमी ठेवून कीटमान्सहूपचा दवाखाना गाठा.

खडकांवर सशाएवढे डॅसी नावाचे प्राणी उन्हं खात बसतात आणि क्लिपस्प्रिंगर हे छोटं हरीण खुरांच्या टोकांवर तोल सांभाळत उभं असतं. बबून माकडं दिसली तर खाणं बाहेर काढू नका. सप्तशृंगीच्या माकडांचा अनुभव असेल तर जास्त सांगायला नको.

परतताना

गाडीपाशी तीनपर्यंत आलात तर दिवस बरोबर चालला आहे. आधी पाणी, मग खारट काहीतरी, मग पंधरा मिनिटं सावलीत. दमलेल्या माणसाने लगेच स्टीअरिंग हातात घेऊ नये. काळोख पडायच्या आत कीटमान्सहूप गाठायचं आहे, कारण संध्याकाळी रस्त्यावर कुडू, स्प्रिंगबोक अशी हरणं, गाढवं आणि शेळ्या येतात. अनेक भाड्याच्या गाड्यांचा विमा गावाबाहेर रात्री चालवण्याला लागू नसतो. उशीर झालाच तर धावपळ न करता तिथेच मुक्काम करा. ज्यादा पाणी आणि उबदार कपडे गाडीत ठेवायला सांगितले ते त्यासाठीच. बेरसेबातला वाटाड्या सोबत असेल तर त्याला घरापर्यंत सोडा.

दुसरा दिवस हाताशी असेल तर कीटमान्सहूपच्या ईशान्येला काही किलोमीटरवर कोकरबूमचं राखीव बन आहे. डोंगरावर एकेकटी दिसलेली ही झाडं तिथे अडीचशेच्या आसपास एकत्र उभी आहेत. त्याला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळालेला आहे. पाय दुखत असताना पाहायला हे अगदी सोयीचं ठिकाण. गाडीतून उतरलं की झाडंच.

आणि हो, त्सेसला डांबरी रस्ता लागला की टायरमध्ये हवा पुन्हा भरा. मऊ टायरवर डांबरीवरून शंभरने गेलात तर टायर तापून फुटू शकतो. सिगारेट लायटरच्या खोबणीत लागणारा छोटा पंप गाडीसोबत मिळतो का, हे विंडहुकमध्येच विचारून ठेवा.